दादाची सॉकेटं ढिली का पडतात

३ फेब्रुवारी, मंगळवार

झालं एकदाचं! आपला प्रोग्रॅम आज इस्पितळाच्या लिनक्सवाल्या मशीनवर न कुरकुरता चालला. टाळ्या मी एकटीनेच वाजवल्या, कारण दादा मागच्या खोलीत कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये बुडाला होता आणि त्याला या असल्या विजयांचं सोयरसुतक नसतं.

मोठ्या डॉक्टरबाईंना, म्हणजे इस्पितळाच्या पुनर्वसन विभागाच्या प्रमुखांना, आमचं माहितीपत्रक हवं होतं. मी लिहिलं: टायरवाल्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही बहीणभाऊ कृत्रिम पायांची सॉकेटं बनवतो. सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा पेला, ज्यात माणसाचा उरलेला पाय बसतो. भाऊ स्कॅन घेतो, बहिणीचा प्रोग्रॅम त्यावरून यंत्राला साचा कोरायला लावतो, त्या साच्यावर भाऊ सॉकेट ओढून घासूनपुसून तयार करतो. दादा वाचून म्हणाला, "बहिणीचा प्रोग्रॅम आधी आणि भावाचं घासणं शेवटी, व्वा!" मी क्रम बदलला नाही.

गेला महिनाभर डोक्याला ताप होता तो पत्त्यांचा. रुग्णाच्या प्रत्येक नोंदीत त्याच्या स्कॅनची फाइल कुठे आहे याचा पत्ता असतो. मी तो मुळापासून पूर्ण लिहीत असे: सी ड्राइव्ह, मग हे फोल्डर, मग ते फोल्डर. दादाच्या विंडोजवर ठीक. लिनक्सला सी ड्राइव्ह कशाशी खातात तेच माहीत नाही. तिकडे तिरकी रेघसुद्धा उलटी कलते आणि मोठं अक्षर वेगळं, छोटं वेगळं. शेवटी सगळे पत्ते सापेक्ष करून टाकले. आता नोंदीत फक्त एवढंच: स्कॅन फोल्डरातला डावा पाय. नोंद उघडली की प्रोग्रॅम तिच्या फोल्डरात जाऊन उभा राहतो आणि तिथून पुढे शोधतो. फोल्डर उचला, कुठल्याही मशीनवर नेऊन ठेवा, चालतं. संध्याकाळी दादाच्या मशीनवरही हीच आवृत्ती घातली. एक नोंद उघडून साचा कोरला, मग दुसरी उघडून तिचा, दोन्ही अगदी बरोबर.

चाचणी सुरू झाली. नवे रुग्ण इस्पितळात, तिथला तंत्रज्ञ त्यांच्याच मशीनवर करणार. आमचे जुने रुग्ण दादाकडे. दोन्हीकडे समाधान असेल तर त्यांच्या सगळ्या शाखांचं काम आम्हाला. स्वतःची पाठ थोपटायला हात पुरत नाही, नाहीतर थोपटली असती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

टपालवाले आजोबा आज सॉकेट घेऊन परत आले. ढिलं. दादा म्हणाला, "सुकला असेल पाय अजून थोडा." तसं होतंच. कापल्यानंतर उरलेला पाय कितीतरी महिने आक्रसत राहतो, म्हणून दर भेटीला नवा स्कॅन घ्यावा लागतो. पण आजोबांचा स्कॅन अगदी अलीकडेच घेतलेला. पंधरवड्यात एवढा सुकत नाही कोणाचा.

दादाने आतून नमद्याचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, थर दिला आणि आजोबा समजूतदारपणे गेले. मग दारात उभं राहून त्याने विचारलं, "शहाणे, नव्या आवृत्तीत काही बदललंस का गं?"

मला शहाणे म्हणतो हा लहानपणापासून. मी म्हटलं, "पत्ते बदलले. मापांना मी हातही लावलेला नाही."

"नाही, आपलं विचारलं."

"तुझं सॉकेट ढिलं झालं की माझा प्रोग्रॅम, आणि चपखल बसलं की तुझा हात, असं चालायचं नाही हं दादा."

तो हसला. त्याचं हसणं मला जरा ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं, पण मी काही चुकीचं बोलले नव्हते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चमत्कारिकच आहे. या आठवड्यात दादाने तीन सॉकेटं केली. दोन अगदी वेळ घेऊन, आधीच्या भेटीचे कागद, स्कॅन सगळं समोर मांडून. दोन्ही ढिली. तिसरं शिवणकामवाल्या बाईंचं. वीज जाणार अशी सूचना आली म्हणून त्याने धावतपळत नोंद उघडली आणि यंत्र सुरू केलं. ते असं बसलं की बाई म्हणाल्या, आता काढवत नाही.

जीव ओतून केलेलं ढिलं, उरकून टाकलेलं चपखल! मी दादाला म्हटलं, तू फार विचार करतोस, त्यात हात बिघडतो. त्याने मान डोलावली. म्हणाला, "असेल. पण विचार न करता कसं करतात ते मला येत नाही."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज कोचबाई आल्या. पोहायला शिकवतात. गुडघ्याखाली डावा पाय नाही, आवाज मात्र दोन माणसांचा. तलावाच्या पायऱ्यांवर त्यांचा पाय नव्या सॉकेटात खाली घसरला आणि त्या सगळ्या मुलांसमोर बसकण मारून पडल्या. टोकाची कातडी सोलली आहे. बघवलं नाही मला.

"मास्तर, गेल्या वर्षीचंच रंगवून दिलंत की काय मला?" त्या म्हणाल्या.

"नाही हो कोचबाई, ताजं माप आहे. तुमच्यासमोरच घेतलं ना!"

"घेतलंत खरं. मग तेव्हासारखं डुगडुगतंय कसं?"

मला हसू आलं त्यांच्या बोलण्याचं. दादाला आलं नाही. तो त्यांच्यासमोर खाली बसला, जखम पुसली आणि म्हणाला, "माझी चूक आहे. परत करून देतो." कोचबाईंचा आवाज एकदम एकाच माणसाचा झाला. जखम भरेपर्यंत त्यांना काठावर खुर्ची टाकून शिकवावं लागणार, आणि खुर्चीतला कोच किती दिवस ठेवायचा हे तलावाचे मॅनेजर ठरवणार. जाताना त्यांनी दादाच्या खांद्याला हात लावला. त्याऐवजी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनी आज मुद्दाम माझ्या खोलीत आल्या. चिडवायचं असलं की मला वन्सं म्हणतात, आज म्हणाल्या नाहीत.

"तुझा भाऊ जेवताना चमचा हातात धरून बसतो. थरथरतो का बघतो. काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आला, मला न सांगता. चिठ्ठी खिशात सापडली."

"मग? काय निघालं?"

"काही नाही निघालं. डोळे उत्तम. म्हणून तर जास्तच घाबरलाय."

मी म्हटलं, वहिनी, वय होतंय, कामाचा ताणही आहे. त्या म्हणाल्या, "तू बस ना जरा त्याच्याजवळ. तू त्या संगणकाच्या पडद्याआड, तो त्या धुळीत. दोघांमध्ये एक दार आहे, ते तरी उघडं ठेवा." मी हो म्हटलं. पण इस्पितळाने मागितलेल्या दुरुस्त्यांचा ढीग पडला आहे, बसायला वेळ कुठून आणू?

३ मार्च, मंगळवार

मोठ्या डॉक्टरबाईंनी बोलावलं, एकटीलाच. त्या गोड बोलत नाहीत आणि कडूही बोलत नाहीत, तपासणीचा अहवाल वाचावा तसं बोलतात.

"आमच्या तंत्रज्ञाची सगळी सॉकेटं व्यवस्थित. तुमच्या भावाची बहुतेक ढिली. प्रोग्रॅम तोच, स्कॅनर तोच, यंत्र तेच. फरक फक्त माणसाचा आहे."

मी म्हटलं, "त्यांनी आयुष्यभर हेच काम केलंय."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं. त्यांना मी बोलावलं असतं तर त्यांना लागलं असतं."

तेरा तारखेला करारावर सह्या करायला त्या तयार आहेत. अट एकच, सॉकेटं दुसऱ्या कोणीतरी करायची. दादाने हवं तर माणसांना भेटावं, स्कॅन घ्यावेत.

येताना मला राग येत होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. खरं सांगायचं तर, बाई चूक बोलत नाहीत असंच मला वाटत होतं. ज्या भावाने मला सायकल शिकवली, माझ्या कॉलेजसाठी स्वतःचं शिक्षण गुंडाळलं, त्याला मी म्हणायचं, बाजूला हो. आणि ते कसं म्हणायचं याची वाक्यं मी रिक्षात बसून मनात जुळवतही होते. परवा सकाळी त्याच्या शेजारी बसणार आहे. हात नेमका कुठे चुकतो ते दिसलं तर निदान समजुतीने सांगता येईल.

५ मार्च, गुरुवार

दोष सापडला. माझा, दादाचा नाही.

सकाळी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले. कोचबाईंचंच काम होतं, जखम भरत आलीय म्हणून. त्यांच्या नव्या भेटीची नोंद त्याने उघडली. पडद्यावर नवा, सुकलेला पाय. मग त्याने दुसऱ्या खिडकीत गेल्या वर्षीच्या भेटीची नोंद उघडली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"किती सुकलाय, कुठल्या बाजूने सुकलाय, ते बघायला नको? हाड कुठे वर येणार ते त्यावरून कळतं." दोन्ही चित्रं शेजारी ठेवून तो बराच वेळ बघत होता. मग पहिल्या खिडकीत परत आला आणि कोरायचं बटण दाबलं.

मी त्या बटणाकडे बघतच राहिले.

नोंद उघडली की प्रोग्रॅम तिच्या फोल्डरात जाऊन उभा राहतो. मीच तसं लिहिलंय. दादाने जुनी नोंद उघडली तेव्हा तो जुन्या फोल्डरात जाऊन उभा राहिला. दादा नव्या खिडकीत परत आला, प्रोग्रॅम आला नाही. पत्ता काय तर, स्कॅन फोल्डरातला डावा पाय. कुठून? उभे असाल तिथून. आणि जुन्या फोल्डरातही स्कॅन आहे, त्यातही डावा पाय आहे, कारण सगळीकडे एकसारखी नावं असावीत असा हट्ट माझाच. "इथून तिसरं घर" असं चिठ्ठीत लिहून चिठ्ठी दुसऱ्या गल्लीत वाचली तर तिसरं घर तिथेही असतंच की! आत माणसं दुसरी असतात, एवढंच.

पडद्यावरचं चित्र नोंदीतच साठवलेलं असतं, म्हणून ते नव्या पायाचं दिसतं. कोरताना मूळ फाइल लागते, आणि ती जुन्या पायाची उचलली जाते. चूक झाली असं कोणी ओरडत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. फाइल मागितली, फाइल मिळाली.

इस्पितळातला तंत्रज्ञ तुलना करत नाही, त्याचे रुग्ण नवेच आहेत. शिवणकामवाल्या बाईंच्या वेळी वीज जाणार होती, दादानेही तुलना केली नाही. जितकं तो जिवापाड करत होता तितकं माझं यंत्र त्याचं वाटोळं करत होतं.

"काय गं, बरं नाही का वाटत?" दादाने विचारलं.

मी म्हटलं, "पित्त झालंय." आणि त्याला यंत्र थांबवायला सांगितलं, पातं तपासायचंय म्हणून.

६ मार्च, शुक्रवार

दुरुस्ती चार ओळींची निघाली. नोंद उघडतानाच, तिच्या स्वतःच्या फोल्डरापासून मोजून, फाइलचा पूर्ण पत्ता बांधायचा आणि त्या नोंदीजवळच ठेवायचा. साठवताना सापेक्ष, वापरताना पूर्ण. पत्ते जोडायचं काम त्यासाठीच्या तयार फंक्शनला द्यायचं, म्हणजे तिरक्या रेघांची भानगड प्रत्येक मशीन आपापली बघून घेतं. दोन्हीकडे नवी आवृत्ती घातली. दादाला सांगितलं, किरकोळ सुधारणा आहे.

सांगायचं होतं मला. तोंड उघडलंही होतं. पण डॉक्टरबाईंना कळलं की आमच्या प्रोग्रॅमने माणसांना जुन्या मापाचे पाय दिले, तर तेरा तारीख विसराच. कोणती बाई पुन्हा विश्वास ठेवील? आणि आता तर सगळं ठीकच झालंय. दादाची सॉकेटं नीट बसायला लागतील, पंधरा दिवसांत तो पूर्वीसारखा होईल, बाईंची अटही आपोआप गळून पडेल. कोणाचं काही बिघडत नाही. ज्यांना ढिली गेली त्यांना आम्ही फुकट नवीन करून देऊ, काहीतरी निमित्त काढून.

हे सगळं लिहून वाचलं. पटतंय. मग झोप का येत नाहीये दुपारची, कोण जाणे.

९ मार्च, सोमवार

कोचबाईंचं नवं सॉकेट हातमोज्यासारखं बसलं. त्या आमच्या त्या चिंचोळ्या पॅसेजमधून तीनदा आल्या-गेल्या, मग टायरवाल्याच्या दुकानापर्यंत जाऊन त्याला ओरडून आल्या की रस्त्यात टायर ठेवू नकोस. म्हणजे पाय बरा आहे. मॅनेजरांनी त्यांना पुढच्या सोमवारपासून पाण्यात उतरायला सांगितलंय.

माझा जीव भांड्यात पडला. दादाकडे बघितलं. तो हत्यारं पुसत होता.

"बघ, बसलं की नाही!" मी म्हटलं.

"हो, या वेळी जमलं." असं म्हणाला जणू रस्त्यात कोणाची तरी वस्तू सापडली होती.

११ मार्च, बुधवार

वहिनींनी सकाळी दार वाजवलं. रडून डोळे सुजलेले. सोमवारी संध्याकाळी दादा स्वतःहून मोठ्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आला. मी बाजूला होतो, बहिणीचा करार अडकवू नका, म्हणाला. त्यांना नवल वाटलं म्हणे, त्यांनी चहा दिला. काल तो आपल्या घासण्या, पटाशा, सगळी पेटी तिथल्या तंत्रज्ञाला देऊन आला. आणि ज्यांची सॉकेटं ढिली गेली त्या सगळ्यांना फोन करून माफी मागितली, आता माझा हात पूर्वीसारखा राहिला नाही, म्हणून.

"चांगलं बसलं होतं की कोचबाईंचं!" मी म्हटलं.

"तेच मी म्हटलं. तर म्हणतो, दहात एक बसलं म्हणून बाकीच्या नऊ माणसांना पाय सोलून घ्यायला लावू का?"

दादा मागच्या खोलीत रिकाम्या टेबलापाशी बसला होता. मी गेले. म्हटलं, "दादा, असं काही नाहीये." तो म्हणाला, "आहे गं. वाईट नको वाटून घेऊ. तू बोलली असतीस तर तुला जड गेलं असतं, म्हणून मीच बोललो." म्हणजे त्याला माहीत होतं मी वाक्यं जुळवत होते ते. पुढचं वाक्य एवढंसंच होतं. ते मी बोलले नाही आणि परत माझ्या पडद्यापाशी आले.

मी वाईट माणूस आहे का? इतकं सरळ मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

१३ मार्च, शुक्रवार

कागद टेबलावर मांडलेले. डॉक्टरबाई, त्यांचा तंत्रज्ञ, इस्त्रीचा शर्ट घातलेला दादा, आणि मी. बाई दादाला म्हणाल्या, "तुमच्यासारखा प्रामाणिकपणा मी फार थोड्या लोकांत पाहिला आहे." दादा खाली बघून हसला. पेन माझ्या हातात होतं.

मी म्हटलं, "त्यांचा हात चुकलेला नाही."

मग थांबता आलं नाही. पत्ते, फोल्डर, जुनी नोंद, नवी नोंद, कोरायचं बटण, सगळं सांगितलं. तंत्रज्ञाला माझं सांगून संपायच्या आधीच कळलं बहुतेक, त्याने कपाळावर हात मारला आणि मग दादाकडे बघितलं. बाईंनी एकच विचारलं, "म्हणजे जे तुलना करत होते, फक्त त्यांचीच चुकत होती?" मी हो म्हटलं. त्यांनी कागद गोळा करून फाइलमध्ये ठेवले. तीन फेब्रुवारीपासूनचं प्रत्येक सॉकेट त्या परत तपासणार, आमची आणि त्यांचीही. कराराचं त्यानंतर बघू. बघू म्हणजे काय ते मला कळतं.

दादाने आपला उजवा हात टेबलावर ठेवला, पालथा केला, परत सुलटा केला. बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर म्हणाला, "कधी कळलं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. काल म्हणता आलं असतं.

"गेल्या गुरुवारी. तुझ्या शेजारी बसले होते तेव्हा."

तो मनात काहीतरी मोजत होता. मला दिसत होतं काय ते. गुरुवारनंतर शुक्रवार, मग शनिवार-रविवार, मग त्याचा तो सोमवार, मग ती पेटी, मग ते सगळे फोन.

"बरं," म्हणाला, आणि माझ्यासाठी न थांबता जिन्याकडे गेला. दादा माझ्यासाठी थांबला नाही असं यापूर्वी कधी झाल्याचं मला आठवत नाही.

१४ मार्च, शनिवार

सकाळी तंत्रज्ञ स्वतः येऊन पेटी ठेवून गेला. दादाने ती उघडली, प्रत्येक हत्यार उजेडात धरून बघितलं, जागच्या जागी लावलं. वहिनी दारात उभ्या होत्या. त्याला बघून हसल्या, मला बघून हसल्या नाहीत.

मग तो मागच्या खोलीत फोन घेऊन बसला. मधलं दार त्याने लावून घेतलं होतं, पण भिंत पातळ आहे. एकेकाला फोन लावत होता, आधी टपालवाल्या आजोबांना. आजोबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे दादा मोठ्याने बोलत होता.

"नाही, नाही, हात ठीक आहे माझा. हात ठीक आहे! ... चूक कोणाची? आमची, आमच्या दुकानाची. या सोमवारी, नवीन करून देतो."

पुढच्या फोनवरही तेच, त्याच्या पुढच्याही. आमची चूक, आमच्या दुकानाची. एकदाही त्याने बहिणीची म्हटलं नाही. मी पडद्यासमोर तोंडावर पदर दाबून बसले होते.

शेवटचा फोन झाल्यावर तो बाहेर आला, माझ्या टेबलावरून स्कॅनरच्या कपाटाची किल्ली उचलली आणि आत गेला. मधलं दार त्याने परत लावून घेतलं.